इशारा फोनवर, दुरुस्ती राऊटरवर

चि. मृणाल हीस,


तुझ्या फोनवर घरच्या वायफायच्या नावाखाली ‘वीक सिक्युरिटी’ अशी बारीक अक्षरातली ओळ दिसते, दादाच्या जुन्या अँड्रॉइडवर तसं काहीच दिसत नाही, तेव्हा दोष तुझ्या फोनचा का, असं तू विचारलं आहेस. फोनचा काही दोष नाही. २०२० साली आयओएस १४ आली तेव्हापासून आयफोन प्रत्येक वायफायची सुरक्षेची पद्धत बघतो आणि ती जुनाट असली तर तसं सांगतो. सगळे अँड्रॉइड फोन या बाबतीत इतके काटेकोर नसतात. दादाचा फोन गप्प आहे म्हणजे त्याने तपासून सगळं ठीक ठरवलंय असं समजू नकोस. दोन्ही फोन एकाच राऊटरला जोडलेले आहेत, त्यामुळे जो कमकुवतपणा आहे तो दोघांच्याही वाट्याला सारखाच आहे. ‘फर्गेट धिस नेटवर्क’ करून पुन्हा जोड, फोन रिसेट कर, असे सल्ले तुला मिळतील. त्यांनी ती ओळ जाणार नाही, आणि एखाद्या युक्तीने ती दिसेनाशी झाली तरी राऊटर जसा होता तसाच राहील. माझं म्हणणं एवढंच आहे की हा इशारा राऊटरबद्दलचा आहे, तो तिथेच जाऊन मिटवायचा आहे, आणि हे काम घरच्याच माणसाने करायचं आहे. कारण त्या जोडणीवरून जे काही होईल त्याचा जाब जोडणी ज्याच्या नावावर त्यालाच विचारला जातो. शिवाय ती ओळ गेली की सगळं झालं असंही नाही. एक मोठा धोका असा आहे ज्याबद्दल कुठलाच फोन तुला काही सांगत नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी तो इशारा नेमका कशाबद्दल आहे ते समजून घे. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. त्या आपल्या भिंतीपाशी थांबत नाहीत. जिन्यात, पार्किंगमध्ये, समोरच्या रस्त्यावरही पोचतात. म्हणून फोन आणि राऊटर यांच्यातला मजकूर सांकेतिक करून पाठवावा लागतो. १९९७ साली वायफायचं पहिलं मानक आलं, त्यात यासाठी डब्ल्यूईपी नावाची पद्धत होती. तिच्यात मजकुराच्या प्रत्येक पाकिटाबरोबर एक बदलता आकडा जातो, पण तो फक्त २४ बिटांचा, म्हणजे जेमतेम १ कोटी ६७ लाख आकडे. वर्दळीच्या जोडणीवर ते काही तासांत संपतात आणि पुन्हा तेच वापरावे लागतात. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शामीर या तिघांनी या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या आरसी४ मधला दोष दाखवून दिला, आणि २००७ पर्यंत मजल अशी गेली की डब्ल्यूईपीची १०४ बिटांची किल्ली एका मिनिटाच्या आत काढता येते हे जर्मनीतल्या संशोधकांनी सिद्ध केलं. मधल्या काळात, २००३ मध्ये, डब्ल्यूपीए आली. तिच्यातली टीकेआयपी ही तात्पुरती डागडुजी होती. लोकांच्या घरात जी जुनी यंत्रं होती ती फेकून न देता फक्त सॉफ्टवेअर बदलून त्यांच्यावर चालेल अशी ती मुद्दाम बनवली होती, म्हणून आतून आरसी४ तसंच राहिलं. खरी नवी बांधणी २००४ च्या डब्ल्यूपीए२ मध्ये आली, एईएस या भक्कम पद्धतीवर. टीकेआयपीवरचा पहिला ठळक हल्ला २००८ मध्ये जाहीर झाला आणि २०१२ च्या मानकात तिला कालबाह्य ठरवलं गेलं. तरीही कित्येक राऊटरच्या यादीत ती अजून आहे, आणि तुझ्या फोनला बहुधा तीच खटकते.

तुमच्या राऊटरवर बहुधा ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड’ असा पर्याय निवडलेला असेल आणि शेजारी ‘टीकेआयपी+एईएस’ असं लिहिलेलं असेल. जोडणी करून देणारा मुलगा घाईत असतो. कुठलंही यंत्र जोडलं तरी तक्रारीचा फोन येऊ नये म्हणून तो सगळ्यांना सामावून घेणारा पर्याय ठेवून निघून जातो. वाचताना तो उदार वाटतो, जुनंही चालेल आणि नवंही. पण राऊटरला काही निरोप घरातल्या सगळ्या यंत्रांना एकदम द्यावे लागतात, आणि ते सगळ्यांना समजतील अशाच पद्धतीने द्यावे लागतात. म्हणजे मिक्स्ड मोडमध्ये हे सामायिक निरोप टीकेआयपीवरच उतरतात, घरातली सगळी यंत्रं एईएस जाणणारी असली तरी. जुनं यंत्र घरात एकही नसताना जुन्या यंत्राची सोय म्हणून सगळ्यांनी कमी सुरक्षेत राहायचं, याला काही अर्थ नाही. आणि राऊटर नुसत्या टीकेआयपीवर ठेवलेला असेल तर दुसरंही नुकसान आहे. वायफायच्या २००९ च्या आणि त्यानंतरच्या मानकांतले वेगवान दर टीकेआयपीबरोबर वापरायला मनाईच आहे. जोडणी जुन्या ५४ एमबीपीएसच्या मर्यादेत अडकते, आणि प्रत्यक्षात हाती येतो तो वेग त्याहून बराच कमी. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेऊन व्हिडिओ अडकतो म्हणून कंपनीशी भांडणाऱ्या घरांनी एकदा हेही तपासावं.

आता यावर घरात जे आक्षेप निघतील ते मला दिसतात. पहिला बाबांचा असेल: आपल्या घरात चोरण्यासारखं आहे काय, आणि बँकेचं ॲप तर सुरक्षित असतंच. यातला दुसरा भाग खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. बँकेचं ॲप, व्हॉट्सॲप, बहुतेक सगळ्या वेबसाइट आपला मजकूर वायफायच्या आधीच स्वतंत्रपणे सांकेतिक करतात. टीकेआयपी आहे म्हणून कोणी बाबांच्या खात्यातून पैसे काढून नेईल असं सांगणारा माणूस तुम्हाला उगाच घाबरवतोय. पण घरच्या जोडणीत चोरण्यासारखं दुसरं काही असतं, ती जोडणी. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. ईमेल त्याच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता. त्याची चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले, आणि त्याचा या कटाशी संबंध नसल्याचं निष्पन्न व्हायला वेळ लागला. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून पाठवलेला निघाला. म्हणजे ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे उत्तरच होत नाही. या लोकांकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं. इंटरनेट कंपनीच्या नोंदीत आयपी पत्त्यापुढे नाव असतं ते जोडणीधारकाचं, भिंतीपलीकडे लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाचं नव्हे. तुमच्या घरात ते नाव बाबांचं आहे.

दुसरा आक्षेप याहून बरा आहे: ती वायफाय उघडी होती, आपल्याला पासवर्ड आहे. इथे मला तारतम्य सांगायचं आहे. राऊटरवर डब्ल्यूईपी निघाली तर पासवर्ड असून नसल्यासारखाच, ते आजच्या आज बदल. टीकेआयपी निघाली तर घाबरू नकोस. तिच्यावरच्या ज्ञात हल्ल्यांनी पासवर्ड हाती लागत नाही, काही पाकिटं उलगडता येतात किंवा त्यात खोटी घुसडता येतात. ती याच आठवड्यात बदल, पण झोप उडवून घेऊ नकोस. मात्र एक लक्षात घे. सुरक्षेची पद्धत हे कुलूप असेल तर पासवर्ड ही त्याची किल्ली, आणि फोन तुला फक्त कुलूप जुनं असल्याचं सांगतो. किल्ली उंबऱ्याशीच ठेवलेली आहे का, हे तो सांगू शकत नाही. आपल्याकडे घरोघरी ती तशीच ठेवलेली असते, कारण वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर देण्याची पद्धत पडून गेली आहे.

हे जरा हिशेब करून बघ, कारण सगळं गांभीर्य या हिशेबात आहे. तुझा फोन घरी आल्यावर राऊटरशी जोडला जातो तेव्हा दोघं चार निरोपांची देवाणघेवाण करतात. हे चार निरोप बाहेरच्या कोणीही टिपून घेऊ शकतो. त्यात पासवर्ड नसतो, पण एखादा पासवर्ड बरोबर की चूक हे पडताळायला पुरेसा पुरावा असतो. तो पुरावा घेऊन माणूस निघून जातो आणि पुढची अंदाजबाजी स्वतःच्या संगणकावर करतो. तुमच्या राऊटरला याचा पत्ताही लागत नाही, आणि ‘तीनदा चुकलं की बंद’ असला नियम तिथे लागू होत नाही. पद्धत बनवणाऱ्यांनी प्रत्येक अंदाजाला ४०९६ फेऱ्यांचं गणित करायला लावून हे काम मुद्दाम संथ केलं आहे. तरीसुद्धा आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड तपासतं. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. भागाकार कर: चार हजार सेकंद. देशातला प्रत्येक शक्य मोबाइल नंबर तपासायला तास-सव्वा तास पुरतो. आणि ज्याच्याकडे बाबांचा नंबर आहेच, त्याला तेवढाही वेळ नको. पद्धत डब्ल्यूपीए२ आणि एईएस असूनही हे घडतं, आणि फोनवर तेव्हा ‘वीक सिक्युरिटी’ची ओळ नसते. माझ्या मते नुसत्या टीकेआयपीपेक्षा हा धोका मोठा आहे.

उलट, घरातलं एखादं जाड पुस्तक घे, डोळे मिटून पाच वेगवेगळी पानं उघड आणि प्रत्येक पानावरचा बोट पडेल तो शब्द उचल. समजा भाकरी, होडी, सतरंजी, गुरुवार, कंदील असे निघाले. ते रोमन लिपीत सलग टाईप केले की आजीलाही सांगता येईल असा पासवर्ड तयार होतो. नेहमीच्या वापरातले दोनच हजार शब्द धरले तरी अशा पाच शब्दांच्या जुळण्या ३२ पुढे पंधरा शून्यं इतक्या होतात. मघाच्याच वेगाने सगळ्या तपासायला हजार वर्षं लागतील. अट एकच, शब्द खरोखर नशिबाने निघालेले हवेत. गाण्याची ओळ, म्हण, घरातल्यांची नावं नकोत, कारण त्यांच्या याद्या तयार असतात. मी दिलेले पाच शब्दही वापरू नकोस. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, तेव्हा लांबीची अडचण नाही.

तिसरा आक्षेप जुन्या यंत्रांचा. सेटिंग बदललं तर टीव्ही, प्रिंटर बंद पडतील ही भीती बऱ्याच अंशी निराधार आहे. मार्च २००६ पासून वायफायचं अधिकृत प्रमाणपत्र मिळवणाऱ्या प्रत्येक यंत्राला डब्ल्यूपीए२ येणं सक्तीचं झालं. त्याआधीचं एखादं यंत्र अजून घरात चालू असेल तर त्याला केबलने जोड किंवा निरोप दे. एका यंत्रासाठी बाकी सगळ्यांना मागे ओढू नये. डब्ल्यूपीए३ बद्दल मात्र ही भीती खरी ठरू शकते. ती २०१८ मध्ये आली, प्रमाणपत्रासाठी सक्तीची झाली जुलै २०२० पासून, आणि काही प्रिंटर, कॅमेरे, स्मार्ट बल्ब तिला अजून जुळत नाहीत. तिचा फायदा मोठा आहे. तिच्यात निरोप टिपून घरी नेऊन अंदाज करत बसता येत नाही, प्रत्येक अंदाजासाठी राऊटरशी समोरासमोर बोलावं लागतं. म्हणून राऊटरवर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा पर्याय असेल तर तो निवड, काही अडलं तर ‘डब्ल्यूपीए२, फक्त एईएस’ वर ये. दोन्हींपैकी कशानेही फोनवरची ओळ जाईल.

प्रत्यक्ष करायचं ते असं. फोनवर वायफायच्या नावाशेजारच्या ‘आय’ अक्षराच्या गोलावर बोट ठेव. खाली ‘राऊटर’ असं लिहून पुढे आकड्यांचा पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. दादाच्या फोनवर तोच ‘गेटवे’ नावाने सापडेल. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की राऊटरचं पान उघडतं. तिथे जे नाव आणि पासवर्ड विचारतात ते राऊटरच्या पोटाशी चिकटवलेल्या लेबलवर असतात. हा राऊटरचा पासवर्ड, वायफायचा नव्हे, दोघांची गल्लत करू नकोस. आत ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ आणि त्यात ‘सिक्युरिटी’ शोध. पद्धत बदल, नवा पासवर्ड घाल, सेव्ह कर. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडची पानं बहुतेक राऊटरवर वेगळी असतात. एकच बदललं आणि इशारा तसाच राहिला, अशी फसगत इथेच होते, दोन्ही बदल. सेव्ह केल्याबरोबर सगळ्यांचं वायफाय तुटेल, ते अपेक्षित आहे. त्यानंतर प्रत्येक यंत्रावर जुनी नोंद ‘फर्गेट’ करून नव्याने जोड. या टप्प्यावर मात्र तो उपाय योग्य आहे. ‘प्रायव्हसी वॉर्निंग’ नावाची दुसरी एक ओळ फोनवर कधीकधी येते, तिचं कारण वेगळं असतं. तिची या दुरुस्तीशी सांगड घालू नकोस. वायफायचं नाव लपवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नकोस, नाव लपवून सुरक्षा वाढत नाही.

त्याच पानांवर आहेस तोवर आणखी काही गोष्टी उरक. डब्ल्यूपीएस बंद कर. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन जोडण्याची ती सोय आहे, आणि २०११ मध्ये असं उघड झालं की राऊटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो, शेवटचा आकडा तर नुसता पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत ती सापडते. मग लेबलवरचा राऊटरचा पासवर्ड बदल, बाहेरून राऊटर चालवण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सोय बंद कर आणि फर्मवेअरचा, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट असेल तर तो घे. २०११-१२ च्या सुमारास ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेम हल्लेखोरांनी ताब्यात घेतले. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएसची नोंद त्यांनी मोडेममध्येच बदलली, त्यामुळे लोक नेहमीचीच नावं टाईप करत आणि पोचत भलत्याच सर्व्हरवर. घरातल्या कुठल्याही फोनवर, संगणकावर काही बिघडलेलं नसताना हे झालं. अशा वेळी ब्राउझर वेबसाइटच्या प्रमाणपत्राबद्दल इशारा देतो, पण इशारे बाजूला सारायची सवय जडलेला माणूस तोही बाजूला सारतो. शेवटी, राऊटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर पाहुण्यांना, टीव्हीला आणि कॅमेऱ्याला ते दे.

आता शेवटची अडचण. पुष्कळ कंपन्या ग्राहकाला राऊटरचं पान पुरतं उघडू देत नाहीत, आणि ‘ते आमचं काम, तुम्ही हात लावू नका’ असं केबलवाला सांगतो. असू दे त्यांचं काम, मग ते करून घे. फोन करून ‘वायफाय सुरक्षित करा’ असं मोघम बोललीस तर ‘सुरक्षितच आहे’ असं उत्तर येईल. नेमकं सांग: दोन्ही बँडवर डब्ल्यूपीए२ आणि फक्त एईएस हवं, मिक्स्ड मोड नको, टीकेआयपी नको, डब्ल्यूपीएस बंद हवं. बऱ्याच कंपन्या हे आपल्या जागेवरून बसल्या बसल्या बदलून देऊ शकतात. राऊटर इतका जुना असेल की हे पर्यायच त्यात नाहीत, तर बदलून माग; तक्रार केलीस तर तिचा क्रमांक लिहून घे. देत नसतील तर दीड-दोन हजारांत चांगला राऊटर मिळतो, आणि तो खर्च बाबांना पटवून द्यायची जबाबदारी माझी.

रविवारी सगळे घरी असताना हे काम काढ, म्हणजे प्रत्येकाचा फोन हाताशी मिळेल. करण्याआधी बाबांना सांग आणि त्यांच्या समोरच कर, जोडणी त्यांच्या नावावर आहे. नवा पासवर्ड मोठ्या अक्षरात कागदावर लिहून आजीच्या पाकिटात ठेव. तो शेजारच्यांना, दूधवाल्याला किंवा पार्सल घेऊन येणाऱ्याला द्यायचा नाही, एवढं तिला नीट समजावून सांग. आणि झालं की ती ओळ गेली का, दोन्ही बँडवर गेली का, मला कळव.

तुझा,
मामा